रविवारची धाव: या वेळी घरच्यांसोबत

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६ वाजता बडोद्याच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी जमू, तिथून कमाटी बागेत. १८७९ सालची बाग, झाडांची सावली भरपूर. आजी-आजोबांनाही झेपेल, त्यांना जरूर आणा.

धावून झाल्यावर प्रत्येकाने परगावच्या एका धावेची आठवण सांगायची. माझी आत्ताच सांगते. मुंबईला मरीन ड्राइव्हवर बाबांसोबत पळत होते. निम्म्यात ते कठड्यावर टेकले, सुटलेली नाडी बांधू लागले. बोटं थरथरत होती. मी खाली बसून गाठ मारली. शाळेत जाताना माझी तेच बांधायचे. पुढे चौपाटीपर्यंत हात धरून चालतच गेलो. तेवढी सुंदर धाव मला पुन्हा मिळाली नाही.

पाण्याची बाटली घरूनच आणा. किती जण येणार ते शुक्रवारपर्यंत कळवा, शेव-उसळ सांगायची आहे.