नव्या कार्डाचे सोळा आकडे

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. माझ्या ॲनिमेशनला दरमहा पैसे देणाऱ्या वर्गणीदारांच्या यादीत दोन आद्याक्षरं दिसतात, फोटोच्या जागी करडं वर्तुळ आणि पुढे रक्कम: महिन्याला एक डॉलर. सगळ्यात खालची पायरी. या पायरीवरच्यांना मी कामाच्या कच्च्या नोंदी दाखवते आणि फिल्मच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव घालते. तुमचं कुठलं नाव घालू म्हणून विचारलं, तर तुम्ही ‘नको, राहू दे’ एवढंच कळवलंत. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. खासगी निरोप पाठवला असता तर तुम्ही त्यालाही ‘बरं’ म्हणून मोकळे झाला असतात. शिवाय तुमच्यासारखे आणखीही असतील, दुसऱ्या कुणा कलाकाराच्या यादीत तळाशी, आणि आपल्या एका डॉलरने काय होणार असं त्यांना वाटत असेल. त्यांनीही वाचावं.

मी हाताने काढलेलं ॲनिमेशन करते. ते किती संथ असतं हे तुम्हाला माहीत आहे, इतरांसाठी सांगते. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात. एकेक चित्र दोन-दोन चौकटी धरून ठेवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०. पात्रं दोन असली की दुप्पट. त्यात आधी कच्ची रेघ, मग पक्की, मग रंग. एखादा शॉट अख्खा महिना खातो आणि बघणारा चहाचा घोट घेता घेता तो पाहून पुढे जातो. अशा कामाला जाहिरातीचा पैसा कधीच पुरत नाही, कारण तो बघायला लागलेल्या वेळेवर मिळतो. करायला लागलेल्या वेळेचं तिथे कुणालाच देणंघेणं नसतं.

पेट्रिऑन हे वर्गणी गोळा करायचं संकेतस्थळ निघालं तेच मुळी या दुखण्यातून. जॅक कॉन्टी हा संगीतकार. बचत संपवून आणि वर कर्ज काढून त्याने एका गाण्याच्या व्हिडिओसाठी अंतराळयानाच्या कॉकपिटचा सेट बांधला, त्यात रोबो आणले. व्हिडिओ बघणारे भरपूर मिळणार हे त्याला दिसत होतं, आणि त्यातून हाती काय पडणार हेही दिसत होतं. मग सॅम याम या मित्राबरोबर त्याने मे २०१३ मध्ये पेट्रिऑन सुरू केलं. कल्पना साधी: ज्यांना काम आवडतं त्यांनी कलाकाराला थेट आणि ठरावीक काळाने पैसे द्यावेत. आता अशी ठिकाणं बरीच आहेत. को-फीवर एकदाच किंवा दरमहा देता येतं. लिबरापे ना-नफा तत्त्वावर चालतं, देणगीतून स्वतःचा वाटा कापत नाही आणि स्वतःचा खर्चही देणग्यांवरच भागवतं.

एकरकमी निधी उभारायची रीत त्याआधीची. २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर कुणाच्याच कार्डाला हात लागत नाही. एक पुस्तक, एक अल्बम, एक बोर्डगेम काढायचा तर ही रीत उत्तम. पण ती कामाला पैसे देते. काम करणारीचं पुढच्या महिन्याचं भाडं हा तिचा विषय नाही. मोहीम संपली की पुन्हा पहिल्यापासून ओरडायला लागायचं, आणि मधल्या काळात पोस्टर गुंडाळून पाकिटांवर पत्ते लिहीत बसायचं. मला ते जमलं नसतं. माझ्या फिल्मला ‘पूर्ण झाली’ म्हणायला किती काळ लागेल ते मलाच सांगता येत नाही.

दरमहाची गोष्टच वेगळी. पुढच्या महिन्यात साधारण किती येणार हे आज कळतं. बाहेरच्याला ही किरकोळ सोय वाटेल, पण त्यामुळे मला नकार देता येतो. कुठल्या तरी उत्पादनाचा लोगो उड्या मारत पडद्यावर येतो, अशी कामं मी पूर्वी आली की घ्यायचेच, कारण पुढचं काम कधी येईल याचा भरवसा नसायचा. आता महिन्याचा आकडा बघते आणि बरेचदा ‘सध्या हात मोकळा नाही’ असं खुशाल कळवते.

यात तुमच्या एका डॉलरचा वाटा किती, असं तुम्ही म्हणाल. सांगते. प्लॅटफॉर्मचा हिस्सा आणि कार्डाच्या व्यवहाराचा खर्च जाऊन माझ्या हातात त्यातले साधारण तीन चतुर्थांश पडतात. लहान रकमेला हा खर्च नेहमीच जास्त बोचतो, कारण कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराला टक्केवारीबरोबर एक ठरावीक आकारही असतो, मग रक्कम एक असो की शंभर. डिसेंबर २०१७ मध्ये पेट्रिऑनने हा बोजा देणाऱ्यांवर टाकायचं ठरवलं होतं: प्रत्येक वर्गणीमागे २.९ टक्के अधिक ३५ सेंट. म्हणजे एक डॉलर देणाऱ्याच्या कार्डाला एक डॉलर अडतीस सेंट लागणार. सगळ्यात जास्त फटका कुणाला, तर एकेक डॉलर करून अनेक कलाकारांना वाटणाऱ्यांना. तोवर त्यांच्या सगळ्या वर्गण्या एकत्र करून महिन्याच्या सुरुवातीला एकदाच कार्डाला लावता येत होत्या, ठरावीक आकार एकदाच पडत होता. घोषणा होताच अशा लोकांनी भराभर वर्गण्या बंद केल्या, कलाकारांनी आरडाओरडा केला, आणि आठवड्याभरातच, १३ डिसेंबरला, कंपनीने जाहीर माफी मागून तो बदल मागे घेतला. एकेका डॉलरवाल्यांची किंमत काय असते हे तेव्हा हिशेबाच्या वहीत दिसलं.

मोठा आश्रयदाता मिळाला की कलाकाराचं भलं होतं असा एक समज आहे. मला इथे संगीतकार बेथोव्हेन आठवतो. १८०८ मध्ये त्याला जर्मनीतल्या कासेलच्या दरबारातून नोकरीचं बोलावणं आलं. त्याने व्हिएन्ना सोडू नये म्हणून १८०९ मध्ये तिघा बड्या लोकांनी करार करून दिला: आर्चड्यूक रुडॉल्फ १५०० फ्लोरिन, प्रिन्स लोबकोविट्झ ७००, प्रिन्स किन्स्की १८००, मिळून वर्षाला ४०००. बदल्यात त्याने तिथे राहावं, बस्स. कागदावर याहून चांगली वर्गणी कुठली? पण १८११ मध्ये ऑस्ट्रियाच्या चलनाचं अवमूल्यन झालं आणि रकमेची किंमत कोसळली. १८१२ मध्ये किन्स्की घोड्यावरून पडून वारला. लोबकोविट्झ कर्जात बुडाला आणि त्याचे हप्ते थांबले. कोर्टकचेऱ्या करून, किन्स्कीच्या वारसांशी तडजोड करून ती गाडी रुळावर यायला १८१५ उजाडलं. तिघांतला एक गेला आणि एक बुडाला, की झालं! माझ्या यादीत एका महिन्यात पाच जण गेले तरी मी चित्रं काढत राहते.

माझ्याही यादीत सगळ्यात वरच्या पायरीवर एक गृहस्थ होते. उदार होते, यात शंका नाही. प्रत्येक कच्च्या चित्रफितीवर त्यांचा सविस्तर अभिप्राय यायचा. आजीचं पात्र जरा हसरं करा, शेवट गोड करा, रंग उजळ घ्या. मी आजीला हसवलं नाही. ते गेले. त्या महिन्याच्या जमेला चांगलाच खड्डा पडला, पण आजी जशी होती तशी राहिली, आणि ती तशी राहू शकली याचं कारण खालच्या पायरीवरची गर्दी. कुणी एकजण गेला तरी गर्दी रिकामी होत नाही.

आणि तुमचा अभिप्राय? इतक्या काळात एकदाच आला, एका शॉटवर. त्या शॉटमध्ये आजी ओली चादर पिळते. मी पेन्सिलची चाचणी टाकली होती, ना रंग ना पार्श्वभूमी. लोकांनी ‘सुंदर’, ‘जमलंय’ असं लिहिलं, ते बरंच वाटतं. तुम्ही लिहिलंत की पीळ पूर्ण बसल्यावर पाणी क्षणभर उशिरा सुटतं आणि तेव्हा तिची कोपरं सैल पडतात, हे पाहून फार बरं वाटलं. अहो, त्या उशिरासाठी मी चार चित्रं जास्त काढली होती! दोन चित्रांनी ते पाणी यंत्रातून आल्यासारखं वाटत होतं, सहांनी चादर मेणाची वाटत होती. बघणाऱ्या कुणाला हे कळेल अशी अपेक्षाच नव्हती. त्या चार चित्रांचे पैसे मला त्या ओळीत मिळाले.

पण मुख्य आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे, आणि ती तुमच्या लक्षातही नसेल. दरमहा वर्गणीवर जगणाऱ्याला माणसं रागावून सोडून गेल्याचा धसका नसतो. धसका असतो तो कार्डाची मुदत संपण्याचा. महिन्याच्या पहिल्या दिवसांत मी हिशेबाचं पान उघडते तेव्हा काही नावांपुढे ‘व्यवहार नाकारला’ असा शेरा असतो. कुणाचं कार्ड हरवलेलं असतं, कुणाच्या बँकेने नवं पाठवलेलं असतं, कुणाची मुदत संपलेली असते. प्लॅटफॉर्म पुन्हा प्रयत्न करतो, ईमेल पाठवतो. ईमेल कुठल्या तरी जाहिरातींच्या ढिगात जातं. त्या माणसाच्या मनात काही नसतं, त्याला काम अजूनही आवडत असतं, फक्त पाकीट शोधून आकडे भरायला त्या संध्याकाळी कंटाळा येतो. मग महिना जातो, दुसरा जातो, आणि नाव यादीतून आपोआप गळतं. मी कुणाला आठवण करत नाही. पैशासाठी दारात उभं राहिल्यासारखं वाटतं.

तुमच्या आद्याक्षरांपुढे तो शेरा आला तेव्हा मी मनातल्या मनात तुम्हाला निरोप दिला होता. एका डॉलरसाठी कोण उठून कार्ड शोधणार? पण दोन दिवसांनी शेरा नाहीसा झाला आणि रक्कम जमा झाली. म्हणजे तुम्ही उठलात, पाकीट आणलंत, सोळा आकडे टाकलेत, मुदत टाकलीत, मागचे तीन आकडे टाकलेत, बँकेचा ओटीपी आला असेल तर तोही. वर्गणी सुरू करताना माणूस उत्साहात असतो, एखादी फिल्म नुकतीच बघितलेली असते. कार्ड बदलताना तसलं काही नसतं. त्या महिन्यात तर मी काही टाकलंही नव्हतं, नुसतीच पार्श्वभूमी रंगवत बसले होते. तरी तुम्ही बसून ते आकडे भरलेत. मनापासून आभार.

थोडं कामाचंही लिहिते. चादरीचा शॉट आता रंगून झाला आहे, मोठ्या आकारातली फाइल तुमच्या पायरीलाही खुली केली आहे. वरच्या पायरीवर जाऊ नका, मी ते मागत नाही. तिथे मिळणाऱ्या मूळ चित्रांच्या प्रती पाठवण्यात माझे इतके दिवस जातात की ती पायरी मी लवकरच बंद करणार आहे. वर्गणीत कधी बदल करायचाच असेल तर आयफोनच्या ॲपऐवजी ब्राउझरमधून करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲपमधून घेतलेल्या नव्या वर्गणीला ॲपलचा ३० टक्क्यांचा आकार लागू झाला, आणि तो पैसा तुमच्या-माझ्या कुणाच्याच उपयोगाचा नाही.

आणि कधी थांबवावंसं वाटलं तर बेलाशक थांबवा. बंद करताना प्लॅटफॉर्म कारण विचारतो, ती चौकट कोरी सोडलीत तरी चालेल. तुम्ही नको म्हणालात म्हणून श्रेयनामावलीत तुमची ओळ मी घातलेली नाही. मत बदललं तर फिल्मचं शेवटचं संकलन व्हायच्या आत कळवा, एक ओळ मोकळी ठेवली आहे.

आपली ऋणी,
दर महिन्याला तुम्ही जिला एक डॉलर पाठवता ती