सहाही कप सारखेच

नमस्कार दादा,

तुमचं नाव मला ठाऊक आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर रोज वाचत होते, पण इथे लिहीत नाही. बोटीवरच्या नोकरीचे नियम कडक असतात म्हणतात, माझ्या कौतुकाचा तुम्हाला ताप नको. वाचलंत तर ओळखालच. सिंगापूरहून पिनांग आणि फुकेतला निघालेली बोट, खालची डायनिंग रूम, खिडकीजवळचं सहा जणांचं टेबल. आम्ही इंदूरचे. पहिल्या रात्री आई नातवावर मराठीत ओरडली आणि तुम्ही पाण्याचा जग हातात धरून तसेच थांबलात. "मराठी का? मी गोव्यातल्या फोंड्याकडचा," म्हणालात. आईला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

परत येऊन तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसते आणि त्या सहा कपांपर्यंत आले की पुढे सरकत नाही. आज मात्र पूर्ण करायचंच ठरवलं आहे.

बाबा ७३ वर्षांचे आहेत, मधुमेहाला १९ वर्षं झाली. इंदूरमध्ये राहून मधुमेह सांभाळायचा म्हणजे काय, हे इंदूरकरालाच कळेल. इथे दिवस उगवतो तोच पोहे-जिलबीवर. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरायचा, शेव घालायची आणि शेजारी गरम जिलबी. रात्री सराफ्यातली दागिन्यांची दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकानं लागतात. भुट्ट्याचा किस, थंडीत तळलेले गराडूचे कंद, मालपुवे, रबडी. बाबा नोकरीत होते तेव्हापासून त्यांचा मित्रांचा कट्टा शनिवारी रात्री तिथे भरायचा. शुगर निघाल्यावरही ते जायचे. थोडं चाखायचे, गप्पा मारून यायचे. पण पुढे पुढे कुणीतरी दुकानदाराला मोठ्यानं सांगायला लागलं, "इनको मत देना, इनको शुगर है." सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असायची. चारचौघांत असं दहा वेळा ऐकल्यावर बाबांनी सराफ्यात जाणंच सोडलं. "मी हात बांधून बसलो की त्यांना घास जात नाही," एवढंच म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी एका ग्रुप टूरवर गेलो होतो. नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. बुकिंगच्या वेळी तीन वेळा सांगितलं होतं की बाबांच्या गोळ्यांना जेवण वेळेवर लागतं, उशीर झाला तर साखर एकदम खाली येते. "काळजीच करू नका ताई!" दुसऱ्याच दिवशी दुपारचं जेवण साडेतीनला. बसमध्ये बाबांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटायला लागलं. आईच्या पर्समधल्या ग्लुकोजच्या पुडीनं आणि देवाच्या कृपेनं निभावलं. मॅनेजर म्हणाला, "हॉटेल आता आलंच." आणि हॉटेल आल्यावर त्यानं माइकवरून पुकारलं, "शुगर पेशंट मागच्या काउंटरला या!" त्या काउंटरला उकडलेली दुधी आणि कोरडी पोळी होती. आम्ही सगळे इकडे, बाबा आणि दोन अनोळखी म्हातारे तिकडे कोपऱ्यातल्या टेबलावर. त्या गावचा जो पदार्थ खायला म्हणून आम्ही एवढे लांब गेलो होतो, तो बाबांच्या ताटात आलाच नाही. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात आपल्या देशात १० कोटींवर मधुमेही आहेत असं आलं होतं. म्हणजे कुठल्याही बसमध्ये, कुठल्याही पंगतीत असे चार-पाच जण असणारच. तरी त्यांची आठवण झाली की माइकच हातात घ्यायचा?

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आता मला कुठे नेऊ नका. तुम्ही जा."

म्हणून बोटीचं ठरलं तेव्हा मी धास्तावलेच होते. वरच्या डेकवरचा बुफे दिवसभर उघडा, त्यात दारातच केक मांडलेले. चिरंजीव आठ वर्षांचे, पहिल्या दोन्ही वेळा फ्रेंच फ्राइज आणि मशीनचं आइस्क्रीम यापलीकडे गेले नाहीत. लेक चौदाची, तिला सगळ्याचा फोटो हवा, खायला काही नको. आणि आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या छापील कागदावर सगळ्यात वर लिहिलेलं, "बाहेरचे खाणे टाळावे." बोटीवर आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं?

पहिल्या रात्री बाबांनी टेबलाखाली गोळीची पट्टी फोडली ती तुम्ही पाहिलीत. पाहिलीत हे मला कळलं, तुम्ही काही बोलला नाहीत. दुसऱ्या रात्री आम्ही बसतो न बसतो तोच सगळ्यांच्या पुढ्यात सूप आलं. शेजारच्या टेबलावर अजून मेनू वाचणं चालू होतं. तिसऱ्या रात्रीही तसंच. मी काही मागितलं नव्हतं, कुठला फॉर्म भरला नव्हता.

आणि मग ते कप.

त्या रात्री गोडात मलेशियाकडचा पदार्थ होता, सागो गुला मेलाका. साबुदाण्याची घट्ट मूद, तिच्यावर नारळाचं दूध आणि ताडगुळाचा काळपट पाक. साबुदाणा म्हटल्यावर बाबांची मान वर झाली. आपल्याकडचा साबुदाणा टॅपिओकाच्या कंदापासून करतात, तिकडचा मूळचा साबुदाणा सागो नावाच्या ताडाच्या खोडातल्या गाभ्याचा, हे तुम्हीच त्यांना सांगितलंत. बाबा ऐकत होते आणि माझ्या पोटात गोळा. साबुदाणा, वर गूळ! आता मी नको म्हणणार, बाबा "असू दे, मला नकोच होतं" म्हणणार, आई खाली बघणार. घरातला हा प्रसंग मला पाठ आहे.

तुम्ही ट्रे घेऊन आलात. ट्रेमध्ये कडू कॉफीसाठी असतात ते इवलेसे पांढरे कप होते. सहा. प्रत्येकात फार तर दोन चमचे सागो, वर पाकाची एक धार, बशीत छोटा चमचा. बाबांना एक, मला एक, ह्यांना, आईला, दोन्ही मुलांना. सहाही सारखेच. बाजूच्या टेबलांवर मोठमोठे बाउल जात होते.

कुणी काही बोललं नाही. बाबांनी कप उचलला, आधी वास घेतला, मग चमच्याच्या टोकानं नारळाचं दूध आणि पाक एकत्र केला. पहिला चमचा तोंडात ठेवून ते कितीतरी वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर मलाक्काच्या सामुद्रधुनीत दुसऱ्या बोटींचे दिवे होते. मग आईकडे वळून म्हणाले, "आपल्या खिरीत गूळ घालून बघ एकदा." दादा, चारचौघांत गोडाबद्दल बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

आणि कप इवलासा म्हणून चिरंजीवांनीही चाखला. मोठा बाउल आला असता तर त्यानं तोंड फिरवलं असतं. एवढंसंच आहे, संपवता येईल, असं वाटलं असणार. तीन दिवसांत बटाटा आणि आइस्क्रीम सोडून पहिल्यांदा त्यानं काही खाल्लं.

उठताना मी तुम्हाला हळूच म्हटलं, "तुम्ही मुद्दाम सगळ्यांना छोटे दिलेत ना?" तुम्ही नुसते हसलात. "वेगवेगळे कप कोण धूत बसणार ताई, सारखेच बरे." एवढं बोलून पुढच्या टेबलाकडे गेलातसुद्धा.

आमच्याकडे पंगतीत वाढणाऱ्याचा मान मोठा. आई सांगते, तिच्या आजोळी एक काका होते, ते वाढायला आले की लोक निर्धास्त जेवायचे. कुणाच्या पानात काय संपलं आणि कुणाला आता नको आहे, हे त्यांना न विचारता कळायचं. हल्ली वाढणारे दोनच प्रकारचे भेटतात. एक आग्रहवाले, "एका जिलबीनं काय होतं हो!" दुसरे पथ्यवाले, आजार पुकारून सांगणारे. दोघांचंही लक्ष खाणाऱ्याकडे नसतं. तुमचं होतं. तुम्ही बाबांच्या पानाकडे पाहिलंत आणि मग आम्हा सगळ्यांची पानं त्यांच्यासारखी केलीत.

पिनांगला उतरायच्या आदल्या रात्री तुम्ही ऑर्डरच्या वहीतला कागद फाडून मागे लिहून दिलंत, तो बाबांच्या पाकिटात आहे. शाळेत गिरवलेलं मराठी अक्षर आहे तुमचं, टोकदार, नीट शिरोरेघ ओढलेलं. "कोसोंग म्हणजे शून्य, चहा-कॉफीत साखर नको. कुरांग मानिस म्हणजे गोड कमी. बलाचान म्हणजे कोलंबी आंबवून केलेला मसाला, लाल चटणी दिसली की विचारा." शाकाहारी माणसाला ही शेवटची ओळ किती मोलाची, हे तिथे गेल्यावर कळलं. भाजीचा म्हणून समोर येणाऱ्या पदार्थातही तो मसाला असतो. फुकेतसाठी खाली चित्र काढलं होतंत, पिवळ्या पताकेवर लाल अक्षर, आपल्या नजरेला इंग्रजी सतरा आकड्यासारखं दिसणारं. ती पताका लावलेल्या दुकानात मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. फुकेतला आईनं उन्हात उभं राहून ती पताका सगळ्यांच्या आधी शोधली.

पिनांगला बंदरातून चालतच जॉर्ज टाउनमध्ये गेलो. २००८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. जुन्या पेठेत चिनी देऊळ, मशीद आणि तमिळ दुकानं हाकेच्या अंतरावर, तशी खाण्याची दुकानंही एकमेकांना चिकटून. आम्ही तुमच्या कपांचाच नियम लावला, एक पदार्थ आणि सहा चमचे. लिटिल इंडियात दोन डोसे सहा जणांत. त्याला तिकडे तोसै म्हणतात. मग चेंदोल, किसलेल्या बर्फात नारळाचं दूध, ताडगूळ, राजम्यासारखे दाणे आणि पानदान नावाच्या सुगंधी झाडाच्या पानांनी हिरव्या झालेल्या तांदळाच्या शेवया. बाबांनी दोन चमचे घेतले आणि चमचा स्वतःच खाली ठेवला. कुणी "बास" म्हटलं नाही.

चहाच्या दुकानात बाबा पुढे झाले. तिथे सगळे "ते तारिक" पीत होते, उंचावरून ओतून फेसाळलेला, कंडेन्स्ड मिल्कचा गोड चहा. बाबांनी खिशातला कागद बघितला, घसा साफ केला आणि म्हणाले, "ते सी कोसोंग." चहावाल्यानं मान हलवली आणि बिनसाखरेचा दुधाचा चहा पुढे ठेवला. अगदी सहज. त्या देशात तो एक रोजचा शब्द आहे, कुणी वळूनही बघत नाही. "इनको शुगर है" नाही, पुकारा नाही. बाबा कप हातात घेऊन आमच्याकडे बघून हसले, शाळेत पहिला नंबर आल्यासारखे.

जायफळाचं सरबतही मिळालं. आम्ही जायफळ श्रीखंडावर आणि पुरणात किसणारे लोक, त्या बियेभोवती पिवळट फळ असतं आणि त्याचं सरबत करतात, हे इंदूरात कुणाला माहीत! तुम्हाला रात्री सांगितलं तर म्हणालात, "आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, झाडं आहेत." तुमच्या गावच्या झाडाची गोष्ट सांगताना तुम्ही पहिल्यांदा ट्रे खाली ठेवलात. घरापासून किती महिने लांब होतात ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

चार दिवस बाबा सकाळी डेकवर चालले, ग्लुकोमीटरवर आकडे आवाक्यात राहिले. खूप छान नव्हते, पण डॉक्टरांना दाखवताना मान खाली घालावी लागली नाही. शेवटच्या सकाळी तुम्हाला भेटायला खाली आलो तर तुम्ही दुसऱ्या शिफ्टला होतात. पाकीट देऊन ठेवलं, आईनं इंदूरहून नेलेली शेवेची पुडीही. पोचली असेल अशी आशा आहे.

गेल्या शनिवारी बाबा म्हणाले, "जरा सराफ्यात जाऊन येऊ." आई आणि मी एकमेकींकडे बघतच राहिलो. ह्यांनी गाडी काढली, चिरंजीव झोपेतून उठून आले. भुट्ट्याचा किस एकच प्लेट घेतला, सहा चमचे मागितले. दुकानदार ओळखीचा. त्यानं बाबांना बघून तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाबांनीच पहिला चमचा उचलला होता. मग चहाच्या गाडीशी गेलो. बाबांनी पाकिटातला तुमचा कागद काढला, नातवाला दिला आणि म्हणाले, "वाच, काय सांगायचं ते."

दादा, सुट्टीत गोव्याला आलात की तिथून इंदूर फार लांब नाही. थंडीत या, गराडूचे दिवस असतात. आईनं कॉफीचे छोटे कप आणून ठेवले आहेत, सहाऐवजी आठ. तुमचा आणि घरच्यांपैकी कुणी बरोबर आलं तर त्यांचा.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची इंदूरची ताई