ट्रायकोकार्ड शनिवारी येताहेत

मंडळी, टोमॅटो-वांग्यातल्या अळीसाठी मागवलेली ट्रायकोकार्डं शनिवारी मिळतील. म्हणजे पतंगाची अंडी चिकटवलेली कार्डं; त्यांतून इवल्या मित्रमाश्या निघतात आणि किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालून अळी होऊच देत नाहीत. संध्याकाळी ५ वाजता गच्चीवर टाकीजवळ या, कात्री-स्टेपलर आणा.

- पट्ट्या कापून त्याच संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा. घरी ठेवून विसरलात तर माश्या डब्यातच बाहेर पडतील. घाबरू नका, त्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतात, माणसाला डंख करत नाहीत.
- आजपासून दहा दिवस फवारणी पूर्ण बंद. कडुनिंबाचं तेलसुद्धा नको.
- मुंग्या अंडी पळवतात, कुंड्यांभोवती लक्ष ठेवा.

आणि हो, मागच्या महिन्यात मिरचीवरच्या काळ्या, नारिंगी ठिपक्यांच्या, इवल्या मगरीसारख्या अळ्या कुणीतरी चिरडल्या. ती ढालकिड्याची (लेडीबर्डची) पिल्लं होती, मावा ही रस शोषणारी कीड फस्त करणारी! ओळखू आलं नाही तर आधी ग्रुपवर फोटो टाका.