कार्लाइलच्या खेळाडूंना त्यांच्या नावाने हाक मारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या क्रीडा पुरवणीतला अमेरिकन खेळाडू जिम थॉर्पवरचा लेख वाचला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधली दोन सुवर्णपदकं, १९१३ मध्ये ती काढून घेतली जाणं, २०२२ मध्ये पुन्हा एकमेव विजेता म्हणून झालेली नोंद, सगळं व्यवस्थित आलं आहे. पण लेखभर थॉर्पला आणि त्याच्या सोबत्यांना ‘रेड इंडियन’ म्हटलंय, आणि अमेरिकेतल्या मूळनिवासी मुलांसाठीच्या ज्या कार्लाइल इंडियन स्कूलच्या फुटबॉल संघातून तो पुढे आला त्या संघाची दीड ओळीत बोळवण केली आहे. दोन्ही गोष्टी मनाला लागल्या, म्हणून हे पत्र.

हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नाही. चेंडू काखेत मारून धावायचं आणि अंगावर येणाऱ्यांना चुकवत पलीकडची रेषा गाठायची. १९१२ सालीच नियम बदलले होते. दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार संधी मिळू लागल्या आणि रेषा ओलांडली की पाचऐवजी सहा गुण. त्या हंगामात कार्लाइल चौदा सामने खेळलं, त्यातही बरेचसे परगावी, आगगाडीने प्रवास करत. बारा जिंकले, एक बरोबरीत सुटला, आणि एकच हरले, तोही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४-२६ असा. एकूण ५०४ गुण केले. समोरचे संघ बहुतेकदा वजनाने भारी, पण ही पोरं वेगावर आणि हुलकावणीवर खेळायची. ज्याने आयुष्यभर खो-खो शिकवला त्याला या खेळाची गोडी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

९ नोव्हेंबर १९१२ चा सामना वेस्ट पॉइंटला झाला. समोर अमेरिकन लष्कराच्या अकादमीचा संघ, म्हणजे उद्याचे लष्करी अधिकारी. त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला आयझेनहॉवरही होता. आणि वुंडेड नी इथे याच लष्कराने लाकोटा या मूळनिवासी जमातीच्या लोकांची कत्तल केली, त्याला तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. लष्कराचा कर्णधार डेव्होर चिडून कार्लाइलच्या ‘जो गायोन’ या खेळाडूच्या अंगावर धावून गेला आणि पंचांनी डेव्होरला मैदानाबाहेर काढलं. कार्लाइलच्या पोरांनी सामना २७-६ ने जिंकला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या मथळ्यात ‘थॉर्पचे इंडियन्स’ झळकले. प्रत्यक्षात त्या दिवशी तीन वेळा रेषा ओलांडली होती ती अ‍ॅलेक्स आर्कासाने. संघाची सूत्रं हलवत होता क्वार्टरबॅक गस वेल्श. थॉर्प थोरच, त्याबद्दल वादच नाही, पण एकट्याने कुणी फुटबॉलचा हंगाम जिंकत नाही. आणि हे सगळे एकाच जमातीचेही नव्हते. थॉर्प सॅक अँड फॉक्स, वेल्श आणि गायोन ओजिब्वे. ‘रेड इंडियन’ या एका शिक्क्याखाली हे सगळं पुसलं जातं.

पुसण्याचं काम तर ती शाळाच करत होती. १८७९ मध्ये प्रॅट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने पेनसिल्व्हेनियातल्या लष्करी बराकींत ती काढली. माणसातला इंडियन मारायचा आणि माणूस वाचवायचा, हे त्याने जाहीरपणे बोलून दाखवलेलं धोरण होतं. केस कापले, घरची भाषा बंद केली, नावं बदलली. पहिल्याच तुकडीत लाकोटांचा एक मुलगा होता, ओटा क्टे. फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली, त्याच्या हातात छडी दिली आणि एक निवड म्हणून खूण केली. वाचता येत नव्हतं. छडी ज्या अक्षरांवर टेकली त्यावरून तो ल्यूथर झाला.

हे वाचल्यावर मला झोप लागली नाही, त्याचं कारण सांगतो. मी डहाणू तालुक्यात एका आश्रमशाळेत खेळ शिकवायचो. पाड्यांवरून येणाऱ्या मुलांची नावं सोम्या, बुधी, लखम्या अशी. हजेरीपटावर ती ‘सुधारून’ घ्यायची रीत होती. सोम्याचा सोमनाथ व्हायचा, बुधीची विद्या. एका मुलीला आठवडाभर गैरहजर लावलं गेलं. ती रोज पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेली असायची. पुकारलं जाणारं नाव आपलं आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही तेव्हा गप्प बसलो.

दोन वर्षांपूर्वी मुलीकडे पेनसिल्व्हेनियाला गेलो असताना कार्लाइलला जाऊन आलो. तिथे आता लष्कराचं वॉर कॉलेज आहे, आत जायला परवाना काढावा लागतो. दफनभूमीत छोटे पांढरे दगड ओळीने उभे आहेत. शाळेत मेलेली मुलं पावणेदोनशेच्या वर. काही दगडांवर नावाच्या जागी ‘अज्ञात’ एवढंच कोरलंय. २०१७ पासून त्या त्या जमाती आपल्या मुलांचे अवशेष घरी नेत आहेत. म्हणजे एवढ्या वर्षांनीही कुणीतरी नावं शोधतंय.

लेखात प्रशिक्षक पॉप वॉर्नरचं तोंडभरून कौतुक आहे. डावपेचांच्या बाबतीत ते रास्तच. पण याच गस वेल्शने मुलांच्या सह्या गोळा करून सरकारकडे अर्ज धाडला, आणि १९१४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीसमोर खेळाडूंनी वॉर्नरची शिवीगाळ आणि मारहाण सांगितली. खेळाच्या पैशांचा हिशेबही तिथे निघाला. शाळेचा अधीक्षक गेला, वॉर्नर दुसरीकडे रुजू झाला, आणि १९१८ मध्ये शाळाच बंद पडली. मैदानावर लष्कराला हरवण्याइतकंच धाडस या साक्षीला लागलं असणार, तिचा उल्लेख लेखात यायला हवा होता.

माझी विनंती साधी आहे. आपल्या वेब आवृत्तीत हा लेख अजून आहे. त्यातला ‘रेड इंडियन’ काढून त्या जागी सॅक अँड फॉक्स, ओजिब्वे अशी त्या त्या जमातीची नावं घाला, आणि संघाचा उल्लेख आहे तिथे आर्कासा, वेल्श, गायोन ही तीन नावं जोडा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, डहाणू