ग्रेटा फिशर यांना, कृतज्ञतापूर्वक

आदरणीय ग्रेटा फिशर यांस,
सादर प्रणाम.

आपले 1988 साली निधन झाले, त्यामुळे हे पत्र आपल्या हाती पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही बालगृहात काम करणाऱ्या माझ्यासारख्याला आपले ऋण जाहीरपणे मान्य करावेसे वाटते.

चेकोस्लोव्हाकियातील घर आणि आईवडील मागे सोडून 1939 साली आपण लंडन गाठलेत. आईवडील नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून वाचले नाहीत. बालमानसतज्ज्ञ अ‍ॅना फ्रॉइड यांच्या युद्धकालीन शिशुगृहांत मुले सांभाळण्याचा अनुभव गाठीशी घेऊन आपण 1945 साली ‘उन्रा’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेत दाखल झालात आणि ज्यांनी आपल्याला पोरके केले त्यांच्याच देशात, जर्मनीतील दाखाऊजवळच्या इंडर्सडॉर्फ मठात, पथक क्रमांक 182 बरोबर कामाला लागलात.

छळछावण्यांतून सुटलेली ज्यू मुले तिथे होती, तशीच वेठबिगारीसाठी जर्मनीत आणलेली पोलिश मुलेही होती. वर्षभरात ही संख्या सहाशेच्या वर गेली. उद्या अन्न मिळेल यावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून ती पाव लपवून ठेवत. अशा वेळी शिस्तीचा बडगा उगारणे सोपे असते (आम्हीही तो उगारला आहे, हे कबूल करतो). आपल्या पथकाने मात्र मुलांना हवे तेवढे खाऊ दिले, आणि ती बोलू लागली की हातातले काम बाजूला ठेवून त्यांचे ऐकून घेतले. मानसशास्त्राचे मोठमोठे सिद्धान्त मला तेवढे पटत नाहीत, जेवढे हे पटते.

1945 च्या ऑक्टोबरात नातेवाइकांचा शोध लागावा म्हणून प्रत्येक मुलाच्या हाती नावाची पाटी देऊन छायाचित्रे काढली गेली. पुढे 1948 साली अनाथ मुलांबरोबर आपण कॅनडाला गेलात, नंतर जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयात समाजकार्य विभाग उभारलात. पण इंडर्सडॉर्फची कागदपत्रे जपून ठेवलीत. त्या कागदांच्या आणि छायाचित्रांच्या आधारे संशोधकांनी त्यांपैकी कितीतरी ‘मुले’ त्यांच्या म्हातारपणी शोधून काढली, आणि 2008 पासून ती इंडर्सडॉर्फला पुन्हा एकमेकांना भेटू लागली.

आमच्याकडे आता नव्याने आलेल्या मुलाच्या पोळ्या कोणी मोजत नाही, आणि उशीखाली पोळी सापडली तरी त्याला कोणी रागावत नाही. हे आम्ही आपल्याकडून घेतले आहे.

आपला ऋणी,
एका बालगृहातील कार्यकर्ता