लेसर दिलात त्याबद्दल, आणि दिला नाहीत त्याबद्दलही

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या डाव्या डोळ्याखालच्या डागावर तुम्ही लेसर मारलात आणि गालांवरच्या डागांवर मारायला साफ नकार दिलात. पहिल्या कामाचे पैसे घेतलेत, त्याचा हिशोब मिटला. दुसऱ्याचे काहीच घेतले नाहीत, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आमच्या आगारात आणि नात्यात ‘काळा डाग दिसला की लेसर’ असं धरून चालणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि प्रत्येकीला तोंडी सांगून माझा घसा बसला.

डोळ्याखालचा डाग जन्माचा. निळसर राखाडी, गालाच्या हाडापासून कानशिलापर्यंत गेलेला आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातही थोडा उतरलेला. ग्रहणात आईनं विळीवर काहीतरी चिरलं असणार, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची, आणि आई बिचारी त्या दिवशी नेमकं काय चिरलं ते आठवत बसायची. एसटीत कंडक्टर म्हणून लागल्यावर निराळाच ताप सुरू झाला. तिकीट घेता घेता म्हाताऱ्या बायका हळूच विचारायच्या, “पोरी, घरी मारतो का गं तुला?” माझा नवरा मेथीची जुडीसुद्धा मला विचारल्याशिवाय आणत नाही. त्याच्या नावावर किती गावांत काय काय जमा झालं असेल, देव जाणे.

गालांवरचं वांग मात्र दुसऱ्या बाळंतपणानंतरचं. तपकिरी, दोन्ही बाजूंना सारखं, उन्हाळ्यात गडद आणि पावसाळ्यात जरा फिकं. मला दोन्ही एकच वाटायचं. चेहऱ्यावर काळं आहे, ते जावं, एवढंच माझं मागणं होतं.

तुमच्याकडे येण्याआधी एका मोठ्या शहरातल्या चकचकीत ठिकाणी गेले होते. तिथे कोट घातलेल्या मुलीनं टॅबवर फोटो दाखवले आणि पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज सांगितलं. मशीन एकच, डोळ्याखाली तेच, गालावर तेच, आणि ‘हवं तर वरून सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा लेसर करून त्वचाच नवी काढू’. डॉक्टर कुठे आहेत विचारलं, तर म्हणे सर प्रोसिजरच्या दिवशी येतात. डाग बघायला डॉक्टर नाही आणि हप्ते पाडून द्यायला माणूस हजर, हे मला त्याच वेळी खटकलं.

तुम्ही पहिल्या भेटीत लेसरचा शब्दही काढला नाहीत. खोलीतला उजेड घालवून जांभळ्या दिव्याखाली चेहरा पाहिलात, मग ते दिव्याचं छोटं भिंग डागावर टेकवून पाहिलंत. किती वर्षांपासून आहे, गर्भनिरोधक गोळ्या घेता का, केसांना काय लावता, उन्हात किती वेळ असता, घरात कुणाच्या रक्तात गाठी झाल्या होत्या का. मला वाटलं, डागाचा आणि रक्ताच्या गाठीचा काय संबंध? तो नंतर कळला. वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी देतात, आणि रक्त गोठण्याचा त्रास असलेल्यांना ती देता येत नाही. बरेच जण हे विचारतसुद्धा नाहीत, असं तुमच्याकडे बाकावर बसलेल्या एका बाईनं सांगितलं.

मग कागदावर त्वचेचे दोन थर काढलेत. तो कागद मी जपून ठेवला आहे आणि ड्यूटी संपल्यावर विश्रांतिगृहात त्यावरून मैत्रिणींचे वर्ग घेते. डोळ्याखालच्या डागात रंग तयार करणाऱ्या पेशी खालच्या थरात बसल्या आहेत, जिथे त्या असायलाच नकोत. खोल असल्यामुळे तपकिरी रंगही वरून निळसर दिसतो. जपानच्या डॉक्टर ओटांनी १९३९ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा ओटाचा डाग. आपल्या आशियातल्या लोकांत जास्त, आणि त्यातही बायकांत. आईला फोन करून हे सांगितलं तेव्हा ती आधी गप्प झाली आणि मग म्हणाली, “म्हणजे विळीचा काही संबंध नाही?” नाही म्हटलं. एवढ्या एका वाक्यासाठीही तुमचे पाय धरायला हवेत.

इतक्या खोलवर मलम पोचत नाही. तिथे लेसरच लागतो, पण तोही ठरावीक. तिकिटाच्या मशीनमुळे आकड्यांशी माझा रोजचा संबंध, त्यामुळे तुमचे आकडे डोक्यात राहिले. तुमच्या क्यू-स्विच्ड एनडी-यॅग मशीनमधून दोन तरंगलांबी निघतात, ५३२ आणि १०६४ नॅनोमीटर. ५३२ म्हणजे हिरवा प्रकाश. तो वरच्या थरातच शोषला जातो, म्हणून उन्हानं आलेल्या वरवरच्या डागांना चालतो. पण आपल्यासारख्या सावळ्या कातडीत त्यानं भाजून उलटा काळा डाग पडायची भीती जास्त. १०६४ डोळ्यांना दिसत नाही. वरच्या थरातला रंग तो कमी शोषतो आणि खाली उतरतो. माझ्या डागाला तोच हवा होता.

दुसरी गोष्ट वेळेची. हार्वर्डच्या अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेला नियम तुम्ही सांगितलात: रंगाच्या कणातली उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत झटका संपला, तर कण फुटतो आणि शेजारची कातडी वाचते. म्हणून हा झटका काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या हिशोबातला. फुटलेला चुरा मग शरीराच्या पेशी हळूहळू उचलून नेतात. त्यामुळेच दोन बैठकांमध्ये दोन-तीन महिने जाऊ द्यायचे, कारण डाग फिका होतो तो मधल्या काळात. दर पंधरा दिवसांनी बोलावणारी जाहिरात बघितली की मला आता हसू येतं. पिको नावाच्या लेसरबद्दल विचारलं, तेव्हा तुम्ही तुमच्याकडे नसलेल्या मशीनलाही नावं ठेवली नाहीत. तो झटका आणखी लहान, ओटाच्या डागावर त्याचे निकाल चांगले आहेत, खर्च जास्त आहे, परवडत असेल तर जिथे आहे तिथलं नाव देते, म्हणालात. दुकानदारीत असं कुणी बोलतं का?

पण मशीन सुरू करण्याआधी तुम्ही मला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलंत. हा डाग डोळ्यात उतरलेला असला तर काचबिंदूचा धोका असतो, दाब मोजून घ्या, दरवर्षी मोजत जा. माझा दाब ठीक निघाला. एवढी वर्षं सगळ्यांनी डाग पाहिला, तो घालवायचे उपाय सुचवले, पण डोळा तपासून घे असं एकानेही सांगितलं नव्हतं. डोळ्यातला निळा भाग तसाच राहणार, तिथे लेसर मारायचा नसतो, हेही तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत.

आधी कानाजवळच्या कडेला थोड्याशा जागेवर चाचणी, आणि तिथे काही आठवडे काय होतं ते बघून मग पुढे. खऱ्या बैठकीला बधिर करणारं मलम, डोळ्यात थेंब, आणि डोळा झाकायला पापणीच्या आत धातूची वाटी. त्या वाटीला मी लेसरपेक्षा जास्त घाबरले होते. लेसर म्हणजे फोडणी तडतडताना गालावर उडणारा थेंब, एकामागून एक. लगेच जागा पांढरी पडली, मग सुजली, बारीक खपल्या धरल्या. “खपली नखानं काढलीत तर पुन्हा येऊ नका,” हे तुम्ही इतक्या गोड आवाजात म्हणालात की मी झोपताना हातमोजे घातले.

आता गालांचं. तिथे गोष्टच उलटी. वांगात पेशी भलत्या जागी नसतात, आहेत त्याच चिडलेल्या असतात आणि रंग जास्त करतात. ऊन, उष्णता, शरीरातली संप्रेरकं, सगळ्यानं चिडतात. त्यांच्यावर जोरात लेसर मारला की आधी फिकं दिसतं, बाई खूश, क्लिनिक खूश, आणि काही महिन्यांत पहिल्यापेक्षा गडद होऊन परत येतं. सीओटू लेसर तर १०,६०० नॅनोमीटरचा. तो रंग शोधतच नाही, पेशीतलं पाणी तापवतो, आणि उष्णता हेच तर वांगाचं खाद्य. हलक्या ताकदीच्या लेसरचं ‘टोनिंग’ पुन्हा पुन्हा केलं तर आपल्या कातडीवर पांढरे ठिपके पडू शकतात, आणि ते घालवणं काळ्यापेक्षा अवघड. काही रुग्णांत इतर उपाय थकल्यावर आम्हीही जपून वापरतो, पण सुरुवात तिथून नाही, असं तुम्ही म्हणालात. मी हट्ट धरला, पैसे आणले आहेत म्हटलं. तुम्ही चिठ्ठीवर सनस्क्रीन लिहिलंत आणि पुढच्या पेशंटला हाक मारलीत.

तेव्हा राग आला होता. खरं सांगते, सातारच्या स्टँडवर येईपर्यंत पुटपुटत होते.

ते सनस्क्रीनही साधं नव्हतं. रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं, कारण वांगाला नुसते अतिनील किरण नाही तर डोळ्यांना दिसणारा उजेडही भडकवतो आणि पांढरं सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही. बसच्या काचेतूनसुद्धा अतिनील ए किरण येतात, हे कळल्यावर माझी खिडकीकडची बाजू जास्त काळी का, याचा उलगडा झाला. मलम दिलंत तेही ठरावीक आठवड्यांसाठी, वर तारीख लिहून. हायड्रोक्विनोन वर्षानुवर्षं लावलं तर उलट निळा-काळा रंग धरतो, म्हणून. वांग पूर्ण गेलेलं नाही. जाईल असं तुम्ही म्हणालाही नव्हता. फिकं झालं आहे आणि उन्हाळ्यात भडकलं नाही, माझ्यासारख्या दिवसभर रस्त्यावर असणारीला एवढं पुष्कळ झालं.

सगळ्यात मोठे आभार मात्र माझ्या जावेकडून. ती फक्त सोबत आली होती, बाकावर मोबाइल बघत बसलेली. माझी चिठ्ठी लिहिता लिहिता तुम्ही तिच्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, “तुम्ही कुठली ट्यूब लावता?” तिचा चेहरा लालसर, गालांवर बारीक शिरा आणि मऊ लव आलेली. आम्ही ते गोरेपण समजत होतो. मेडिकलमधून आणलेलं ते मलम स्टिरॉइडचं निघालं. २०१८ पासून अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी मैत्रिणीनं सांगावं आणि दुकानदारानं द्यावं, हे चालूच आहे. लेसर तर लांबच, आधी ही ट्यूब सोडवायची, आणि सोडताना चेहरा आणखी लाल होईल, आग होईल, तेव्हा घाबरून परत लावू नका, असं तुम्ही तिला समजावलंत. तिच्याकडून केसपेपरचेही पैसे घेतले नाहीत. ती आग खरोखर झाली, आणि तुमचं बोलणं आधी ऐकलेलं होतं म्हणूनच ती टिकली. आता ती दुसऱ्यांच्या पर्समधल्या ट्यूबांवरची बारीक अक्षरं वाचत बसते. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन ही नावं तिला नातेवाइकांच्या नावांसारखी पाठ झाली आहेत.

आमच्या आत्याबाईंनाही गालांवरच्या काळ्या बारीक उंचवट्यांसाठी लेसर हवा होता. त्यांना तुम्ही विजेच्या सुईनं दहा मिनिटांत मोकळं केलंत. माझ्या नणंदेची काळी मान बघून मात्र क्रीम दिलं नाहीत, साखर तपासायला लावलीत. रिपोर्ट काय आला ते तिचं ती सांगेल, पण ती हल्ली संध्याकाळी चालायला जाते.

आगारात आता माझ्याकडे कुणी जाहिरात घेऊन आली की मी तुमचेच प्रश्न विचारते. डाग कधीपासूनचा आहे, त्याचं नाव काय सांगितलं, आणि ते नाव सांगणाऱ्याकडे त्वचारोगाची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का. मशीनचं नाव शेवटी. बहुतेकींना मशीनचंच नाव पाठ असतं.

जाता जाता एक विनंती. आमच्याकडची एक नवी मुलगी पुढच्या महिन्यात बोहल्यावर चढते आहे. कपाळावर आणि गालांवर वांग आहे आणि हळदीच्या आत लेसर मारून घ्यायचाच, असं तिच्या आईनं ठरवलंय. दोघींना सोमवारी तुमच्याकडे पाठवते आहे. तुम्ही नाही म्हणालात तर आई वाद घालेल, माझ्यापेक्षा जोरात घालेल. तिला तो दोन थरांचा कागद काढून दाखवा. मी माझा दिला असता, पण त्यावर आता चहाचे डाग पडलेत आणि मैत्रिणींना कुठला डाग खालच्या थरातला हेच कळेनासं झालं आहे.

आपली,
सातारा जिल्ह्यातल्या एका आगारातली कंडक्टर