जुना संगणक भंगारात काढण्यापूर्वी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विंडोज १० या संगणक प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिणारा नियमित आधार (सुधारणा व सुरक्षा) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तेव्हापासून आमच्या सिडको भागात भंगाराच्या हातगाडीवर चालते संगणक दिसू लागले आहेत. माझा कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचा, २ जीबी रॅमचा संगणक दुरुस्तीला नेला असता दुकानदाराने झाकणही न उघडता ‘आता यावर काही चालणार नाही, काढून टाका’ असे सांगितले. हे खरे नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून आणि कॅसेट बसवून आपण जे व्हिडिओ गेम खेळलो, त्यांपैकी बरेचसे निन्टेन्डोच्या १९८३ मधील फॅमिकॉमची नक्कल होते. मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा होता. माझा जुना संगणक त्याहून हजारपटींनी वेगवान असूनही फॅमिकॉमनंतरच्या सुपर निन्टेन्डो या यंत्राचा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्रॅम) लावताच आवाज तुटू लागला आणि चित्र अडखळू लागले, तेव्हा मलाही दुकानदाराचे म्हणणे क्षणभर पटले होते.

दोष मात्र संगणकाचा नव्हता, निवडीचा होता. मूळ यंत्रात प्रोसेसर, चित्राची चिप आणि आवाजाची चिप एकाच वेळी, आपापल्या लयीत काम करत. एम्युलेटरला त्या साऱ्यांची नक्कल आळीपाळीने करून वेळ जुळवत राहावे लागते, आणि ही जुळवाजुळव जितकी बारकाईने करावी तितका भार वाढतो. मी लावलेला बीएसनेस हा एम्युलेटर अचूकतेला प्राधान्य देणारा आहे. त्याऐवजी हलका एसनेस९एक्स घेतल्यावर तोच गेम त्याच संगणकावर विनाअडथळा चालला. या कामात प्रोसेसरचे कोअर (आतले स्वतंत्र गणन-भाग) किती यापेक्षा एकेका कोअरचा वेग किती, हे जास्त महत्त्वाचे ठरते, ही गोष्टही विकत घेताना कोणी सांगत नाही.

१९९४ च्या पहिल्या प्लेस्टेशनचे बरेच गेमही या संगणकावर चालतात, मात्र चित्राचे रिझोल्यूशन मूळ यंत्राइतकेच ठेवावे आणि शेडर (चित्रावर चढवलेले दृश्य परिणाम) बंद करावेत. आवाज तुटत असेल तर ऑडिओ बफर (आवाजाचा आगाऊ साठा) थोडा वाढवावा. प्लेस्टेशन २ ची अपेक्षा धरू नये; ते या संगणकाच्या आवाक्याबाहेर आहे. विंडोजऐवजी लिनक्स या मोफत प्रणालीची हलकी आवृत्ती घातल्यास २ जीबी रॅमही पुरते. एम्युलेटर मोफत मिळतात, पण गेमच्या फायलींवर निर्मात्यांचा हक्क असतो, म्हणून मुलांना हौशी प्रोग्रॅमरांनी मोफत दिलेले नवे गेम द्यावेत. तसे पुष्कळ आहेत.

शेवटी मी स्वतःच झाकण उघडले. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. तो ब्रशने काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलल्यावर, अर्ध्या तासात तापून आपोआप मंद होणारा संगणक दुपारभर एकाच वेगाने चालू लागला. शहरातील दुरुस्ती करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, ग्राहकाला नवा संगणक घ्यायला सांगण्यापूर्वी एवढे तरी करून पाहावे, आणि यंत्र खरोखरच निकामी झाले असेल तर ते हातगाडीवर न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे पाठवावे.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक